हिमप्रदेशातील विरळ फळझाडे : प्रस्तावना

फळझाड म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आंबा, फणस, चिकू, पेरू, सीताफळ अशी झाडे उभी राहतात, आणि यांपैकी एकाही झाडाला खऱ्या गोठवणाऱ्या थंडीशी सामना करावा लागत नाही. निफाडच्या परिसरात एखाद्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर आला तरी द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा आणि डकोटा ही राज्ये, कॅनडाचा सस्कॅचवान प्रांत, रशियाचा मध्य भाग आणि पश्चिम सायबेरिया या मुलखांत मात्र पारा उणे ३० अंश सेल्सियसपर्यंत उतरणे हे नवल नसते, जमीन कित्येक महिने दगडासारखी घट्ट गोठलेली असते, आणि तरीही तेथे माणसाने गेल्या दीडशे वर्षांत चिकाटीने फळबागा उभ्या केल्या आहेत. त्या बागांतील सफरचंदाची कथा बरीच लिहिली गेली आहे. या पुस्तकाचा विषय सफरचंदाच्या सावलीत राहिलेली झाडे हा आहे : पॉपॉ, अमेरिकन पर्सिमन, थंडी सोसणारी अ‍ॅक्टिनिडियाची वेल, हॅस्कॅप, ठेंगणी आंबट चेरी, सीबकथॉर्न आणि त्यांचे सोबती. यांना ‘विरळ’ म्हटले आहे ते निसर्गात ती दुर्मीळ आहेत म्हणून नव्हे, कारण त्यांतील काही तर रानोमाळ उगवतात. ती विरळ आहेत ती बाजारात. फळ मऊ असणे, दोन दिवसांत उतरून जाणे, एकाच झाडावर आगेमागे पिकणे, बिया मोठ्या असणे, ही कारणे व्यापाऱ्याला पुरेशी वाटतात. घराच्या आवारात चार झाडे लावणाऱ्याला ती वाटण्याचे कारण नाही.

थंड प्रदेशातील बागाईताविषयी वाचू लागणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा येते ती एक संख्या. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि त्यानंतर वेळोवेळी सुधारलेल्या नकाशात देशाचे ‘काटकपणाचे पट्टे’ पाडलेले आहेत. एखाद्या ठिकाणी दरवर्षी नोंदले जाणारे सर्वांत कमी तापमान घ्यायचे, अशा अनेक वर्षांच्या नीचांकांची सरासरी काढायची, आणि त्या सरासरीनुसार ते ठिकाण १३ पट्ट्यांपैकी एकात बसवायचे, अशी ही रीत आहे. तिसऱ्या पट्ट्यात ही सरासरी उणे ४० ते सुमारे उणे ३४ अंश सेल्सियस येते, चौथ्यात उणे ३४ ते उणे २९, पाचव्यात उणे २९ ते उणे २३. रोपवाटिकेत विकल्या जाणाऱ्या रोपांवर बहुधा पट्ट्याचा आकडा लिहिलेला असतो आणि नवखा बागाईतदार त्यावर विसंबतो. हा आकडा उपयोगी आहे, पण तो सरासरीचा आहे, आणि झाड मरते ते सरासरीने नव्हे, तर एखाद्याच विलक्षण हिवाळ्याने. न्यू इंग्लंडमध्ये बाल्डविन नावाचे सफरचंद पिढ्यान्‌पिढ्या मुख्य पीक म्हणून लावले जात होते. १९३३-३४ च्या एका हिवाळ्याने त्या बागांची अशी दाणादाण उडवली की बाल्डविनचे पूर्वीचे स्थान त्याला पुन्हा कधी मिळाले नाही. त्याहून महत्त्वाची उणीव अशी की हा आकडा ‘किती’ एवढेच सांगतो, ‘केव्हा’ हे सांगत नाही. आणि थंडी केव्हा आली यावरच झाडाचे जगणे-मरणे बहुतांशी ठरते, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

त्यासाठी थंडीत झाडाच्या आत काय घडते ते थोडे तपशिलाने पाहावे लागते. झाडाचा देह बहुतांशी पाण्याचा असतो, आणि पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक तयार झाले की त्यांच्या धारांनी पेशीची आवरणे फाटतात व पेशी मरते. हे टाळण्याच्या दोन रीती झाडांनी साधल्या आहेत. पहिल्या रीतीत बर्फ पेशींच्या बाहेरच्या मोकळ्या जागांत धरतो, पेशीतले पाणी हळूहळू बाहेर ओढले जाऊन त्या बर्फाला मिळते, आणि आत उरतो तो साखर व इतर विद्राव्य द्रव्यांनी दाट झालेला, सहजी न गोठणारा रस. भूर्ज, विलो आणि सायबेरियाचे रानटी सफरचंद ही झाडे या रीतीत इतकी पारंगत आहेत की नैसर्गिक थंडी त्यांच्या लाकडाला सहसा मारू शकत नाही. दुसरी रीत ‘अतिशीतनाची’ आहे. बर्फाचा पहिला कण धरायला काही आधार लागतो. तो मिळाला नाही तर पाण्याचा अगदी सूक्ष्म थेंब गोठणबिंदूच्या कितीतरी खालीही द्रवच राहतो, परंतु उणे ३८ ते उणे ४० अंशांच्या आसपास त्याची ही क्षमता संपते आणि तो एकदम गोठतो. बागेतील सफरचंदासह कित्येक फळझाडांच्या लाकडातील जिवंत पेशी याच रीतीवर विसंबून असतात. म्हणून उणे चाळीसची सीमा ओलांडणारी रात्र आली की अशा झाडाचे खोड आतून काळे पडते, ज्याला बागाईतदार ‘काळा गाभा’ म्हणतात, आणि वरवर हिरवे दिसणारे झाड पुढची दोन-तीन वर्षे झुरत राहते. पीचच्या फुलकळ्यांची सीमा याहून बरीच अलीकडे, साधारण उणे २५ अंशांपाशी असते. झाड जगते पण फूल येत नाही, असा प्रकार पीचच्या बाबतीत वारंवार घडतो तो यामुळे.

यांतली कोणतीही शक्ती झाडात बारा महिने नसते. जे झाड जानेवारीत उणे ३५ अंश सहज सोसते, तेच ऑगस्टमध्ये उणे तीन अंशांनी मरू शकते. दिवस लहान होऊ लागले की झाड शेंड्याची वाढ थांबवते, कळ्या मिटवून घेते, पानांतील द्रव्ये खोडात परत ओढते. हा तयारीचा पहिला टप्पा होय. मग शरदातील हलक्या गोठवणुकीने दुसरा टप्पा सुरू होतो आणि काटकपणा दर आठवड्याला खोल होत जातो. या तयारीला काही आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत कोणी झाडाला नत्राचा डोस दिला, भरपूर पाणी दिले वा छाटणी केली, तर झाड वाढतच राहते आणि कोवळ्या लाकडानिशी हिवाळ्याच्या तोंडी सापडते. नवख्याच्या हातून झाडे मरतात ती बहुधा अशा लाडाने.

हिवाळ्याच्या मध्यावर असलेल्या झाडाच्या विश्रांतीला सुप्तावस्था म्हणतात, आणि महाराष्ट्राच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. डाळिंब किंवा संत्र्याचा बहार धरताना येथील शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतो, झाड पानगळ करून विसावते, आणि ताण सोडला की एकदम फुलोऱ्यावर येते. हिमप्रदेशात हे काम थंडी करते. फरक असा की थंड प्रदेशातील झाड थंडीचे तास जणू मोजत असते. गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानात काही शे तास गेल्याशिवाय त्याच्या कळ्या उमलत नाहीत, आणि या तासांना ‘शीततास’ असे म्हणतात. नाशिकच्या द्राक्षवेलीला हे तास पुरेसे मिळत नाहीत म्हणून तेथे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी रसायनाचा लेप द्यावा लागतो. उत्तरेत अडचण नेमकी उलटी आहे : शीततास लवकर पुरे होतात, झाडाची आतली झोप संपते, आणि त्यानंतर केवळ बाहेरची थंडी त्याला थोपवून धरते. अशा वेळी फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवडाभर ऊब आली की जर्दाळूसारखे घाईचे झाड जागे होते, कळ्या फुगतात, आणि हिवाळा परत फिरला की सारा फुलोरा करपतो. पूर्ण उमललेल्या फुलांना उणे दोन अंशांपासून इजा होऊ लागते आणि उणे चारच्या आसपास बहुतेक फुले जातात. मिशिगन राज्यात २०१२ च्या मार्चमध्ये उन्हाळ्यासारखी ऊब पडली आणि एप्रिलमध्ये गोठवणाऱ्या रात्री आल्या. त्या वर्षी तेथील सफरचंदाचे सुमारे नव्वद टक्के पीक बुडाले. हे नुकसान हिवाळ्याच्या कडाक्याने नव्हे, तर अवेळी परतलेल्या थंडीने झाले. हवामान तापत असल्यामुळे उत्तरेकडे नवी फळे सोपी होतील असा जो समज आहे, त्याला ही घटना पुरेसे उत्तर देते : १९९१ ते २०२० च्या नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या नकाशात अमेरिकेचा सुमारे निम्मा भाग अर्ध्या पट्ट्याने उबदार झालेला दिसतो, पण वसंत लवकर येऊ लागला म्हणून शेवटची गोठवणारी रात्रही लवकर सरकली असे नाही.

जागेची निवड हा या विचाराचाच पुढचा भाग आहे. थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने खाली वाहून खोलगट जागी साठते, म्हणून बागेसाठी दरीचा तळ टाळून उताराचा मधला भाग घेतात. दक्षिणेच्या भिंतीची ऊब नवख्याला मोहात पाडते, पण घाईने फुलणाऱ्या झाडाला उत्तरेचा उतारच हितकर, कारण तेथे जमीन उशिरा तापते आणि झाड उशिरा जागे होते. हिवाळ्यातील ऊनही घातक ठरते. दुपारी नैर्ऋत्येकडील साल तापून तिच्यातील पेशी सैल होतात आणि सूर्य मावळताच त्या गोठून साल उभी फाटते, म्हणून रशियात आणि अन्यत्रही खोडांना चुना फासतात, म्हणजे ऊन परतवले जाते. बर्फ मात्र मित्र असतो. भुसभुशीत बर्फाच्या हातभर थराखाली तापमान शून्याच्या थोडेच खाली राहते, आणि याचा लाभ घेऊन सायबेरियात सफरचंदाच्या फांद्या जमिनीलगत आडव्या वळवून झाडच सरपटते वाढवण्याची रीत निघाली, ज्यायोगे सारे झाड हिवाळाभर बर्फाच्या दुलईखाली झाकले जाते. त्याच बर्फाखाली उंदरांच्या जातीचे प्राणी बोगदे करून खोडाची साल चहूबाजूंनी कुरतडतात, आणि साल पूर्ण कुरतडली गेली की झाड वाचत नाही. त्याला बारीक जाळीचे कोंडाळे हाच उपाय.

या ज्ञानापर्यंत पोहोचण्याचा मार्ग सरळ नव्हता. एकोणिसाव्या शतकात असा विश्वास पसरला होता की दक्षिणेकडचे उत्तम वाण काटक खुंटावर कलम केले की खुंटाचा काटकपणा वरच्या झाडात उतरेल. रशियातील कोझलोव्ह गावी १८७५ पासून बाग करणाऱ्या इव्हान मिचुरिन यांनी अनेक वर्षे याच विश्वासावर काम केले, आणि कडक हिवाळ्यांनी त्यांची कलमे पुन्हा पुन्हा मारली. खुंट मुळांचे रक्षण करतो, वाढीला आवर घालतो, पण वरच्या लाकडाची प्रकृती बदलत नाही, हे पटल्यावर ते बियांकडे आणि संकराकडे वळले. अतिपूर्वेतील उसुरी नाशपती, जिचे फळ गौण पण लाकूड अतिशय काटक, तिच्याशी फ्रान्सच्या बेरे रोयाल या नाजूक वाणाचा संकर करून त्यांनी हिवाळ्यापर्यंत टिकणारी नाशपती मिळवली. १९०० च्या सुमारास त्यांनी आपली रोपवाटिका सुपीक काळ्या मातीतून उचलून मुद्दाम निकस जमिनीत नेली, कारण पोसलेली रोपे थंडीत टिकत नाहीत अशी त्यांची धारणा झाली होती; झाडाच्या शरदातील तयारीविषयी आज जे ठाऊक आहे ते पाहता ही दृष्टी अचूक होती. त्यांच्या हयातीतच, १९३२ मध्ये, कोझलोव्हचे नाव मिचुरिन्स्क झाले. पुढे सोव्हिएत कृषितज्ज्ञ लिसेंको यांनी आनुवंशिकी नाकारण्यासाठी याच नावाचा झेंडा उचलला आणि त्या काळात निकोलाय वाव्हिलोव्ह यांच्यासारखा वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावला. मिचुरिन यांच्या बागेचे मूल्यमापन त्या राजकारणापासून वेगळे करणे आवश्यक आहे. पिके आणि पंथ यांची गल्लत झाल्याने पश्चिमेकडील लेखकांनी बराच काळ त्यांच्या खऱ्या कामाकडेही पाठ फिरवली.

अटलांटिकच्या पलीकडे हाच धडा वेगळ्या वाटेने मिळाला. मिनेसोटात १८५३ साली मिनेटोंका सरोवराकाठी वस्तीला आलेल्या पीटर गिडियन यांची पूर्वेकडून आणलेली झाडे एकामागून एक मेली, तेव्हा त्यांनी मेन राज्यातून बिया मागवल्या; घरात उरलेले आठ डॉलर त्यांनी हिवाळ्याच्या कोटाऐवजी या बियांवर खर्च केले असे सांगितले जाते. त्या बियांतून वाचलेल्या एका झाडाला त्यांनी पत्नीचे ‘वेल्दी’ हे नाव दिले आणि १८६८ मध्ये ते सफरचंद लोकांपुढे आले. दक्षिण डकोटातील नील्स हॅन्सन यांना कृषी खात्याने १८९७ मध्ये रशिया व मध्य आशियाकडे काटक वनस्पती शोधायला धाडले, आणि त्यांनी पुढे मैदानी प्रदेशातल्या रानटी वाळूचेरीचा प्लमशी संकर करून वाऱ्याला व दुष्काळाला न डगमगणारी झाडे दिली. या कामाला लागणारा काळ वाचकाने ध्यानी घ्यावा : मिनेसोटा विद्यापीठाच्या हनीक्रिस्प सफरचंदाचा संकर १९६० मध्ये झाला आणि वाण १९९१ मध्ये बाहेर आले, सस्कॅचवान विद्यापीठाने १९९९ मध्ये दिलेल्या ‘कारमाइन ज्युवेल’ या ठेंगण्या आंबट चेरीची मुळे १९४० च्या दशकातील संकरांत आहेत.

विरळ फळांपैकी मराठी वाचकाला सर्वांत जवळचे वाटेल ते पॉपॉ, कारण ते सीताफळ आणि रामफळ यांच्याच कुळातले आहे. हे सारे कूळ उष्ण प्रदेशाचे. त्याची ही एकच शाखा ओहायोच्या खोऱ्यातून ईरी सरोवराच्या काठापर्यंत, म्हणजे कॅनडाच्या दक्षिण टोकापर्यंत, शिरली आणि हिवाळ्यात पाने गाळून उणे २५ अंशांच्या पलीकडची थंडी सोसू लागली. उत्तर अमेरिकेच्या मूळच्या खाद्य फळांत आकाराने सर्वांत मोठे ते हेच. पान लांब, मोठे व लोंबते. फूल पानांआधी येणारे, गडद किरमिजी, आणि त्याचा मंद कुबट वास मधमाशीला नव्हे तर माशा व भुंगेऱ्यांना बोलावतो. एका झाडाचा पराग त्याच झाडाला चालत नाही, म्हणून दोन वेगळ्या वाणांची झाडे लागतात, आणि कीटक कमी पडले तर माणूसच कुंचल्याने परागण करतो. गर पिवळा, खिरीसारखा दाट, केळे आणि आंबा यांची आठवण देणारा; बिया सीताफळासारख्याच काळसर व खाण्यास वर्ज्य, फक्त आकाराने पुष्कळ मोठ्या. त्या बिया सुकल्या तर मरतात आणि ओलसर थंडीत सुमारे तीन महिने राहिल्याखेरीज रुजत नाहीत. १९१६ मध्ये अमेरिकेत उत्तम पॉपॉसाठी स्पर्धा जाहीर झाली होती, म्हणजे त्याची थोरवी कोणाला कळली नव्हती असे नाही. आज केंटकी राज्य विद्यापीठात त्याचा स्वतंत्र संग्रह व संशोधन आहे. तरी ते बाजारात आले नाही, कारण पिकलेले फळ दोन-तीन दिवसांवर राहत नाही. थंड मुलखात त्याची खरी अडचण हिवाळा नसून उन्हाळा आहे. त्याला सुमारे १६० दिवस गोठवणुकीविना हवेत आणि त्यांत ऊब हवी. मिनेसोटात झाड वाचते, पण फळ पिकण्याआधी शरद उभा राहतो.

अमेरिकन पर्सिमनची गोष्ट याला समांतर आहे. विदर्भात ज्याच्या पानांच्या विड्या होतात त्या टेंभुर्णीचे हे भावंड. कच्चे असताना तोंडाला घट्ट मिठी मारणारे, आणि पूर्ण मऊ झाल्यावर जर्दाळूच्या मुरंब्यासारखे. गोठवणूक झाल्याशिवाय ते गोड होत नाही ही समजूत चुकीची आहे. तुरटपणा जातो तो पिकण्याने, आणि पिकण्याची तारीख वाणागणिक बदलते. उत्तरेत लवकर पिकणारे वाण निवडणे हाच सारा प्रश्न आहे, आणि न्यू हॅम्पशायरमध्ये निवडलेला ‘मीडर’ हा वाण त्यासाठीच ओळखला जातो. वसंतात पर्सिमनचे झाड फार उशिरा पालवते, त्यामुळे शेवटच्या गोठवणाऱ्या रात्री त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. अ‍ॅक्टिनिडियाची वेल, जिचे फळ द्राक्षाएवढे, गुळगुळीत सालीचे आणि किवीच्या चवीचे असते, ती नेमकी उलट वागते : कोलोमिक्टा ही तिची जात उणे ४० च्या आसपासही तगते, आणि मेमधील एका हलक्या गोठवणुकीने तिचे सारे कोवळे कोंब काळे पडतात.

हॅस्कॅपने घाई आणि काटकपणा यांचा असा मेळ घातला आहे की त्यापुढे दुसरे उदाहरण सुचत नाही. काटेकोर अर्थाने हे झाड नव्हे, झुडूप. नाव जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरील ऐनू लोकांच्या भाषेतून आले. ते वसंतात फार लवकर फुलते, पण त्याचे उमललेले फूल उणे सात अंशही सोसते, आणि जूनअखेरीस निळी लांबट आंबट-गोड फळे तयार असतात. सीबकथॉर्न हे काटेरी झाड रशियाच्या अल्ताई प्रांतात निवड करून बागेत आणले गेले. नर व मादी झाडे वेगळी, परागण वाऱ्याने, मुळांवरील गाठींत नत्र धरणारे सूक्ष्मजीव. लडाखात हेच झाड रानात दाटते आणि ‘लेह बेरी’ या नावाने त्याचा रस देशभर पोहोचला आहे. लडाखच्याच पांढऱ्या बीचा ‘रक्त्से कार्पो’ हा जर्दाळू २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून गेला, आणि भारतीय वाचकाने हिमप्रदेशातील फळशेतीचा विचार करताना त्याच्यापासून आरंभ करणे योग्य होईल. मात्र तेथील थंडी कोरडी, बर्फ विरळ, ऊन प्रखर आणि पाणी हिमनदीचे, म्हणून मिनेसोटाचे नियम तेथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

थंडी न सोसणारे झाडही माणसाच्या हट्टापुढे जगते, याचे उदाहरण अंजिराचे आहे. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये इटलीहून आलेली कुटुंबे दर शरदात अंजिराच्या फांद्या दोराने आवळून त्यांवर गोधड्या, जुने गालिचे, मेणकापड गुंडाळीत. काहीजण एका बाजूची मुळे तोडून सारे झाडच चरात आडवे करून मातीने झाकीत. पुरंदरच्या अंजीर उत्पादकाला हा खटाटोप अद्भुत वाटेल, पण ज्याच्यासाठी ते झाड म्हणजे सोडून आलेले गाव होते त्याला तो अद्भुत वाटत नव्हता. या रीतीचा आदर ठेवूनही येथे कल निसर्गतः काटक असलेल्या जातींकडे ठेवला आहे, कारण झाकायला माणूस उरला नाही की असे झाड एका हिवाळ्यात जाते.

पुढील प्रकरणांत प्रत्येक जातीसाठी नीचांकी तापमानाबरोबर चार तारखा दिल्या आहेत : पालवी फुटण्याची, फुलण्याची, फळ पिकण्याची आणि शरदात वाढ थांबण्याची. बागाईतदाराने आपल्या आवारातील शेवटच्या व पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीची नोंद पाच-सहा वर्षे ठेवून ती या तारखांशेजारी मांडावी, आणि मगच खड्डा खणावा.